जगण्याचे मुद्दल : आपली जीवनमूल्ये कशी ओळखावीत?



अशी एखादी रात्र आपल्या घरात झालीच असेल. जेवणे आटोपली आहेत, मुले झोपली आहेत आणि नवरा-बायको हिशेबाची वही घेऊन बसली आहेत. धाकट्या बहिणीचे लग्न तोंडावर आले आहे. भावकी म्हणते, "बँड हवा, मांडव मोठा हवा, नाहीतर लोक काय म्हणतील?" त्याच महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे. कोपऱ्यात बसलेली म्हातारी आई म्हणते, "इतक्या वरसांची रीत हाय बाबा, निदान एक नारळ तरी वाढवा." यात वाईट कोणीच नाही. ज्याचे त्याचे म्हणणे त्याच्या जागी बरोबरच आहे. घरधन्याचा मात्र डोळ्याला डोळा लागत नाही.

हा घोर पैशाचा आहे हे खरे, पण तो केवळ पैशाचा नाही. भावकीचे ऐकावे तर बायको नाराज, बायकोचे ऐकावे तर भावकी नाराज, आईचे ऐकावे तर दीक्षेच्या वेळी घेतलेली प्रतिज्ञा डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्याला नक्की काय जपायचे आहे हे आधी ठरलेले नसले, म्हणजे जो येतो तो आपल्याला आपल्या बाजूला ओढतो. हीच ओढाताण पुढे चिडचीड होते, भांडण होते, रक्तदाब होते. ती कमी कशी करावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

पंचशील आहे, मग आणखी मूल्ये कशाला?

कोणी विचारील, "आम्ही त्रिशरण घेतले, पंचशील घेतले, २२ प्रतिज्ञा घेतल्या. आता ठरवायचे काय राहिले?" प्रश्न योग्य आहे. पंचशील आणि प्रतिज्ञा आपणा सर्वांना सारख्याच आहेत. त्या शेताच्या बांधासारख्या आहेत. बांध नसेल तर शेत वाहून जाईल. पण बांधाच्या आत काय पेरायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. रविवारी ओव्हरटाइम करायचा की मुलांना घेऊन अभ्यासाला बसायचे, हाती आलेला बोनस पत्र्याच्या जागी स्लॅब टाकण्यात घालायचा की मुलीच्या वसतिगृहात, याचे उत्तर पंचशीलात लिहिलेले नाही. ते उत्तर ज्या गोष्टीतून निघते तिला जीवनमूल्य म्हणावे.

मूल्य आणि उद्दिष्ट यांतला फरक नीट समजून घ्या. "मुलगा डॉक्टर व्हावा" हे उद्दिष्ट आहे. "आमच्या घरात शिक्षणाला पहिला मान" हे मूल्य आहे. मुलाला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला नाही तर उद्दिष्ट हुकते, पण मूल्य हुकत नाही. तो दुसरे काही शिकेल, त्याची बहीण शिकेल, आईसुद्धा लिहायला शिकेल. ज्या घराला हा फरक कळला नाही, त्या घरात एका निकालाच्या दिवशी सगळे संपल्यासारखे वाटते. ज्या घराला कळला, ते घर दुःखी होते, पण मोडत नाही.

नाशिकचाच धडा

हा फरक आपल्या नाशिकच्या मातीत एकदा फार मोठ्या प्रमाणावर शिकवला गेला आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पूज्य बाबासाहेबांनी नेतृत्व केले आणि दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे सुपुत्र भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, यांनी नाशिकची आघाडी सांभाळली. हजारो स्त्री-पुरुष त्यात उतरले. त्यांनी दगड खाल्ले, तुरुंग पाहिला, गावोगाव बहिष्कार सोसला. लढा वर्षानुवर्षे चालला, तरी दरवाजा उघडला नाही.

आता विचार करा. देवळात जाणे हेच जर त्या माणसांचे मूल्य असते, तर ती माणसे हरली असे म्हणावे लागले असते. पण मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून आपली भूमिका उलगडून सांगितली. तिचा आशय असा, की देवळात गेल्याने आपला उद्धार होईल म्हणून हा सत्याग्रह नव्हता. समाज जागा व्हावा, त्याला आपल्या स्थितीची चीड यावी, यासाठी तो होता. ते काम झाले आहे, तेव्हा आता आपली शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे वळवावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याच्या परिषदेत, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि मंदिराचा सत्याग्रह थांबविण्यास सांगितले.

मंदिरप्रवेश हे साधन होते. मूल्य होते माणुसकीचा समान दर्जा आणि स्वाभिमान. साधन निरुपयोगी ठरले तेव्हा ते खाली ठेवले, पण मूल्य हातचे सोडले नाही. म्हणूनच पाच वर्षांच्या कष्टानंतर माणसे खचून घरी बसली नाहीत. तीच माणसे पुढे शाळा, वसतिगृहे, निवडणुका आणि शेवटी धम्मदीक्षा या वाटेने चालत राहिली.

बाबासाहेबांची मोजकी यादी

जीवनमूल्ये मोजकी असावीत. वीस-पंचवीस चांगल्या गोष्टींची यादी भिंतीवर लावायला बरी, पण अडचणीच्या रात्री ती आठवत नाही.

याबाबतीत बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. १९५४ च्या ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान दोनदा लोकांपुढे ठेवले. ३ ऑक्टोबरला आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी ते तीन शब्दांत सांगितले : स्वातंत्र्य, समता, बंधुता. हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला मुंबईत नायगावच्या पुरंदरे स्टेडियमवर झालेल्या सत्कारात त्यांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि जोतिबा फुले. आणि तीन उपास्य दैवते सांगितली : विद्या, स्वाभिमान आणि शील.

ज्यांनी राज्यघटनेच्या मसुद्यात शेकडो कलमे घातली, त्यांनी स्वतःच्या जगण्यासाठी तीनच शब्द पुरेसे मानले. यातील शिकवण आपण घ्यावी. त्यांची तीन दैवते जशीच्या तशी घेतली तरी चालेल. पण पाठ करून घेऊ नका, आपल्या आयुष्याशी ताडून घ्या. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नये. स्वतः पारखून ज्यात आपले आणि इतरांचे हित दिसेल ते घ्यावे, आणि घेतले की त्याप्रमाणे वागावे.

त्रिरश्मी लेण्यांतील मुद्दल

मुंबई-आग्रा रस्त्यालगतची त्रिरश्मी लेणी, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, आपण सहकुटुंब पाहिली असतील. पुढच्या वेळी जाल तेव्हा दहा क्रमांकाच्या लेण्यात थांबा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी तेथे लेख कोरून ठेवला आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणे दान दिली. ती भिक्षूंच्या हाती न देता गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. एकीकडे २,००० आणि दुसरीकडे १,०००. पहिल्या ठेवीवर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे होतात २४०. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे. आणि अट अशी, की मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे.

आपल्या घराचेही असेच आहे. पैसा, वेळ, हौस, मानपान हे व्याज आहे. ते कधी जास्त खर्च होईल, कधी कमी. जीवनमूल्य हे मुद्दल आहे. एका लग्नासाठी मुलीचे शिक्षण थांबवले, एका नोकरीसाठी खोटी साक्ष दिली, तर मुद्दल मोडले. ते भरून यायला पिढी लागते. अडचणीच्या वेळी एवढेच विचारा : मी व्याज खर्च करतो आहे की मुद्दल?

मूल्ये ठरल्याने ताण का कमी होतो?

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. अज्ञानी माणसाला शरीराचे दुःख होते, तो पहिला बाण. त्यावर तो शोक करतो, छाती पिटतो, तो दुसरा बाण. शहाण्याला एकच बाण लागतो. नोकरी गेली, आजार आला, कोणी जातीवरून टोचून बोलले, हा पहिला बाण आहे. "आता मी कसा वागू? लोक काय म्हणतील? मी चुकलो का?" हा रात्रभर चालणारा घोळ म्हणजे दुसरा बाण. आपले मूल्य ठरलेले असले की या दुसऱ्या बाणाची धार बोथट होते.

आधुनिक मानसशास्त्रही याच्या जवळ आले आहे. २००५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना परक्यांपुढे भाषण करायला आणि तोंडी गणित करायला लावले. ज्यांना आधी स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्याचा विचार करू दिला होता, त्यांच्या शरीरात ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक इतरांपेक्षा कमी वाढले.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मूल्ये ठरवल्याने गरिबी जात नाही आणि जातीचा जाचही जात नाही. त्यासाठी संघटना, कायदा आणि संघर्षच लागतो. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो मनःशांतीच्या पाठाने सुटणारा प्रश्न नव्हता. कोणी तुम्हाला अन्याय सोसून शांत राहायला सांगत असेल, तर तो धम्म सांगत नाही. मूल्ये एवढेच करतात, की लढायचे कशासाठी आणि कोणत्या फालतू गोष्टीसाठी लढायचे नाही, हे कळते.

शिवाय मूल्याची किंमत मोजावी लागते. १९५६ च्या दीक्षेनंतर केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या. १९९० च्या दुरुस्तीने त्या मिळाल्या. मधल्या ३४ वर्षांत अनेक घरांत मुलाच्या दाखल्यावर काय लिहावे यावरून बाप-लेकांत वाद झाले. कोणी "बौद्ध" लिहिले आणि नोकरी गमावली. कोणी पोटासाठी जुनेच नाव ठेवले आणि मनात कुढत राहिले. त्यांना आज नावे ठेवू नयेत. पण आपण ज्याला मूल्य म्हणतो त्यासाठी काय द्यायची तयारी आहे, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय ते मूल्य आपले होत नाही.

शोधावे कसे?

एक साधी वही घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे आणि मुलांनी लिहून घ्यावे. नवऱ्याने बायकोची यादी करू नये, सासूने सुनेची करू नये. प्रत्येकाची वेगळी.

पहिली पायरी : आयुष्यातील असे तीन प्रसंग लिहा, जेव्हा आपली आपल्यालाच धन्यता वाटली. मोठेच असले पाहिजेत असे नाही. रात्रशाळेत नाव घातले, शेजारणीला बाळंतपणात हात दिला, मुकादमाच्या तोंडावर खरे बोललो, असे काहीही.

दुसरी पायरी : असे तीन प्रसंग लिहा, जे आठवले की आजही मान खाली जाते. त्यात कोणते मूल्य मोडले गेले ते शोधा. जेथे सल आहे, तेथेच बहुधा मूल्य असते.

तिसरी पायरी : प्रत्येक प्रसंगाला एका शब्दात नाव द्या. विद्या, स्वाभिमान, सचोटी, मैत्री, कष्ट, समाजकार्य, स्वावलंबन, करुणा. मग खोडत खोडत तीन शब्दांवर या. खोडताना दोन कसोट्या लावा. कोणी पाहत नसते तरी मी हे जपले असते का? नुकसान झाले तरी जपीन का? "नाही" आले तर ते मूल्य नव्हे. ती लोकलाज आहे किंवा हौस आहे.

चौथी पायरी : प्रत्येक मूल्याचे एक काम ठरवा. काम नसलेले मूल्य भाषणापुरते राहते. "विद्या" असेल तर रोज रात्री एक तास दूरदर्शन बंद, सगळे घर वाचायला. "स्वावलंबन" असेल तर सणासाठी कर्ज नाही. "मैत्री" असेल तर महिन्यातून एकदा एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जाणे.

पाचवी पायरी : घरातल्या सर्वांच्या याद्या शेजारी ठेवा. जे शब्द सर्वांच्या यादीत आले, ते घराचे मुद्दल. जे वेगळे आले, त्यांवर भांडू नका. एकमेकांचे शब्द माहीत झाले, एवढ्यानेही अर्धी भांडणे थांबतात.

पुन्हा त्या रात्रीकडे

समजा, सुरुवातीच्या त्या घराने ही वही भरली. तो सातपूरच्या कारखान्यात कामाला आहे, ती दोन घरचे स्वयंपाक करते. दोघांच्या यादीत "विद्या" आली. त्याच्या यादीत "स्वावलंबन" आले, आईच्या यादीत "आपली माणसं" आले. आता लग्नाचा प्रश्न पुन्हा पुढे ठेवा. विद्या मुद्दल आहे, म्हणून मुलीची फी पहिली बाजूला काढायची. स्वावलंबन आहे, म्हणून सावकाराकडे जायचे नाही. दीघजाणु कोलियाला तथागतांनी गृहस्थाच्या सुखाचे चार गुण सांगितले, त्यांत मिळकत पाहून खर्च करणे, ही समजीविता आहेच. लग्न विहारात, बौद्ध विधीने, साधे जेवण देऊन होईल. आईची "आपली माणसं" राहू नयेत, म्हणून बँडचे पैसे वाचवून गावाकडच्या सर्वांच्या येण्याजाण्याची सोय करायची. भावकी चार दिवस बोलेल. बोलू द्या. उत्तर तयार आहे, म्हणून ते बोलणे झोप उडवणार नाही.

आणि नारळाचे काय? येथे दोन मूल्ये समोरासमोर येतात, घेतलेल्या प्रतिज्ञेशी सचोटी आणि आईविषयी करुणा. काही तरुण घाईने देव्हारा उचलून नदीत सोडतात आणि आई महिनाभर जेवत नाही. काही तरुण भिऊन गुपचूप नारळ वाढवतात आणि विहारात मान खाली घालतात. दोघांनाही ताण आहे. मधली वाट अशी : मुलाने स्वतः नारळ वाढवू नये आणि तसे आईजवळ बसून, हात हातात घेऊन सांगावे. तिचा अपमान करू नये. संध्याकाळी तिला पाच मिनिटे बाबासाहेबांचे चरित्र वाचून दाखवावे, पौर्णिमेला विहारात सोबत न्यावे. येवल्याच्या घोषणेपासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत, १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, बाबासाहेबांनी २१ वर्षे अभ्यासाला दिली. आपल्या आईला आपण काही महिने द्यायला हरकत नाही.

या पंधरवड्याचा स्वाध्याय

१. वरील पाच पायऱ्या कुटुंबातील प्रत्येकाने पूर्ण कराव्यात. दहा वर्षांवरील मुलांनाही सामील करून घ्यावे.

२. गेल्या वर्षभरातील आपले तीन मोठे खर्च लिहा. प्रत्येकापुढे "व्याज" की "मुद्दल" असे मांडा.

३. येत्या सहा महिन्यांत येणारा एक अवघड प्रसंग निवडा. लग्न, बारसे, आजारपण, घराचे काम. त्या वेळी आपण काय करू आणि काय करणार नाही, हे आजच दोन ओळींत लिहून ठेवा.

४. एका रविवारी सहकुटुंब त्रिरश्मी लेण्यांवर जा. दहा क्रमांकाच्या लेण्यात बसून प्रत्येकाने आपले तीन शब्द मोठ्याने सांगावेत. लहानांनी आधी, मोठ्यांनी नंतर.

वही जपून ठेवा. वर्षाने, दीक्षेच्या वर्धापनदिनी, ती पुन्हा उघडा. एखादा शब्द बदलावासा वाटला तर निःसंकोच बदला, पण का बदलला ते शेजारी लिहा. पुढच्या वेळी लोक काय म्हणतील हा प्रश्न घरात आला, की आधी वही काढा आणि आपण काय म्हटले होते ते वाचा.

जयभीम.